भिंतीवरचा चीक

मथुरेच्या तोंडाला लागायचं नाही, हे निवळकोंडात पोराला चालायला शिकवतानाच शिकवीत. बाईच्या घशात देवानं काय बसवलं होतं कुणास ठाऊक, तिनं वरच्या आळीत म्हशीला हाक मारली की खाली खाडीवरचे बगळे उठायचे. नवरा लवकर गेला. मागं राहिली एक लेक, शेवंती, आणि दोन म्हशी. त्या म्हशींच्या जिवावर मथुरेनं लेक वाढवली, तिचं लग्न लावलं, आणि उरल्या वेळात सगळ्या वाडीशी भांडून घेतलं. दुधात पाणी घालते असं तिला कुणी म्हणून बघावं! म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांना ती त्याच दुधानं आंघोळ घालायची.

पण तिचा राग उगाचचा नसायचा, हेही सांगायला हवं. म्हैस व्याली की वाडीतली अर्धी माणसं तपेली घेऊन गोठ्याशी हजर. चीक हवा असायचा त्यांना, खरवसासाठी. त्यात आत्माराम गुरुजी पुढे. मास्तरकीतून सुटलेला हा गृहस्थ, जायफळ नि वेलची खिशात घेऊनच जन्मला असावा. पण मथुरेचा कायदा कडक होता. रेडकू पोटभर चीक पिईपर्यंत थेंब कुणाला मिळायचा नाही. मग गुरुजी असोत नाहीतर गुरुजींचा बाप असो.

शेवंतीच्या आधी मथुरेला दोन मुलगे झाले होते. दोन्ही गुणी. रडणं नाही, हट्ट नाही, डोळे मिटून गप पडून असायचे. यमुनाबाई म्हणजे वाडीची सुईण, तिनं दोन्ही वेळा बोटं मोडून दृष्ट काढली होती आणि म्हटलं होतं, "असं गुणी पोर मी बगितलं नाय गो." दोन्ही पोरं पाचवीही पुजू न देता गेली. सटवीनं नेली, असं सगळे म्हणाले. सटवीपुढं कोण बोलणार? एकट्या मथुरेनं तिला शिव्या घातल्या. शेवंती मात्र जन्मली तीच बोंबलत. इतकी बोंबलली, इतकी बोंबलली, की मथुरेची सासू वैतागून म्हणाली, "लाव गो एकदाची त्या अवदसेला छातीला, नासकं तर नासकं! कान किटले माझे." ती अवदसा जगली.

नासकं म्हणजे बाळंतिणीचं पहिलं दूध. दाट, पिवळं, चिकट. ते पोराला द्यायचं नाही, ते साचून नासलेलं असतं, असा रिवाज. जमिनीवरही सांडायचं नाही, मुंग्या लागल्या तर दूध आटतं. म्हणून बाळंतिणीच्या खोलीतल्या भिंतीवर पिळायचं. मातीची भिंत, बिचारी सगळं पिऊन टाकायची. पाचवी पुजून झाली की मग छातीला लावायचं, तोवर मधाचं बोट आणि गूळपाणी. मथुरेच्या घरात ती भिंत तीन पिढ्यांची होती. कितीदा सारवली तरी तिच्यावर डाग दिसायचे, आणि त्या डागांकडं कुणी पाहत नसे.

नव्याण्णव सालच्या थंडीत, आंब्याला मोहोर येत होता तेव्हा, शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. उपकेंद्रातली सिस्टर देशावरची, बोलायची कशी, तर एसटी सुटल्यासारखी. धनुर्वाताची सुई टोचायच्या दिवशी तिनं मथुरेला बजावलं, "बाळ झाल्या झाल्या कोलोस्ट्रम द्यायचं बरं का आजी, विसरायचं नाही. ते फार महत्त्वाचं." उपकेंद्राच्या भिंतीवर कागदही डकवला होता, त्यावर एक गुबगुबीत पोर हसत होतं आणि खाली लिहिलं होतं, 'नवजात बालकास कोलोस्ट्रम अवश्य द्यावे.' शेवंतीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. मथुरेला शब्द काही नीट धरता आला नाही, पण बाब गंभीर आहे एवढं कळलं.

"काय ता कोलेस्टम, ता आणून ठेव," तिनं जावयाला फर्मावलं.

जावई केरू बागांवर फवारणीला जायचा. गरीब माणूस, सासूपुढं जीभ टाळ्याला चिकटायची त्याची. तो रत्नागिरीच्या बाजारात जाऊन तीन औषधांच्या दुकानांत 'कोलेस्टम, कोलेस्टम' करत फिरला. दोघांनी त्याला हाकललं. तिसऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, गिऱ्हाईक कसलं आहे ते ओळखलं आणि म्हणाला, "ते संपलंय. पण हे घ्या, हे तेच आहे." लाल रंगाच्या गोड औषधाची बाटली होती ती. केरूनं ती रुमालात गुंडाळून देवाच्या प्रसादासारखी घरी आणली. मथुरेनं फळीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी ठेवली. आपण सिस्टरचं ऐकलं, औषध आणलं, आता चिंता नाही! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते हेच.

शेवंती दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, मुठीएवढी. यमुनाबाईनं नाळ कापली, पोरीला तिथल्या तिथं न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळून मधाचं बोट चाटवलं. मथुरेनं बाटली काढून लाल औषधाचे चार थेंब पाजले. शेवंतीची छाती दाटून आली तेव्हा यमुनाबाईनं नेहमीप्रमाणं तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं.

पोर पहिल्यांदा थोडं किरकिरलं. मग किरकिर थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई दुपट्यात डोकावून म्हणाली, "काय गुणी हाय बघ! आवाज म्हणून नाय." शेवंती थकलेली, तीही हसली. मथुरेला मात्र तो शब्द खटकला. का ते तिला कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून ती चिडली. पण तेवढ्यात गोठ्यातून चांदी म्हैस हंबरली, आणि ती तिकडं धावली.

चांदी व्याली. रेडकू जमिनीवर पडलं, ओलं, थरथरत, पाय कुठं टाकावा ते कळेना त्याला. मथुरा त्याला गोणपाटानं पुसते आहे, तोंडातला चिकट पदार्थ काढते आहे, तर गोठ्याच्या दारात पितळेचं तपेलं लखलखलं. मागं आत्माराम गुरुजी.

"मथुरे, जरा अर्धा शेर चीक काढ गो," गुरुजी म्हणाले. "आज घरी पाहुणे आहेत. रेडकाला मागाहून मिळेलच की."

झालं! मथुरेची तळपायाची आग मस्तकात गेली.

"गुरुजी, लाज हाय का? अजून त्याचं तोंड आयशीच्या सडाला लागलं नाय आणि तुम्ही तपेलं घेऊन उभे! खरवसाशिवाय पाहुणे मरतात काय? ह्याला आता चीक नाय मिळाला तर ता थंड पडंल. कान गार, पाय गार, मग उठायचंच नाय. ओरडायचंसुद्धा नाय, गप पडून राहील. आणि दोन दिवसांत हातचं जाईल! इतकी वर्षं पोरांना शिकवलंत, चिकाशिवाय पिल्लू जगत नाय एवढं ठाऊक नाय तुम्हाला?"

गुरुजी अशा सरबत्तीला सरावलेले. त्यांनी तपेलं पाठीमागं लपवलं आणि गोडीत घ्यायला म्हणून विचारलं, "बरं बरं, रागावू नको. नात कशी आहे?"

"गुणी हाय," मथुरा रेडकाला उचलत फणकाऱ्यानं म्हणाली. "रडत नाय, ओरडत नाय. गार पडून..."

तिचं वाक्य तिथंच तुटलं. रेडकू तिच्या हातातून खाली घसरलं आणि आपलं आपण चांदीच्या सडाशी जाऊन लागलं. मथुरा गुरुजींकडं बघत होती, पण तिला गुरुजी दिसत नव्हते. मग ती शेणानं भरलेल्या हातांनी घराकडं पळाली.

दुपटं सोडून तिनं पोरीच्या पायाला गाल लावला. गार. हनुवटी थरथरत होती, मधूनच एक हात झटका दिल्यासारखा हलायचा. मथुरेनं तिच्या तळव्यावर टिचकी मारली. पोरीनं ओठ वाकडे केले, पण आवाज आला नाही.

"शेवंते, चीक पिळ. बोंडल्यात पिळ."

"काय?" यमुनाबाई चुलीपाशी होती, ती उठलीच. "चीक कुठला? नासकं हाय ता! पिवळं बघ कसं, पुवासारखं. पाचवी व्हायची हाय अजून. मथुरे, डोकं फिरलं काय तुझं?"

"म्हशीचा पिवळा असतो तेव्हा तूच बोटं चाटून खातेस ना गो! तपेलं पुसून खातेस!" मथुरा इतक्या जोरानं ओरडली की गुरुजी अंगणातून आत येता येता उंबऱ्यावरच थांबले. "म्हशीचा तो चीक आणि माझ्या लेकीचा तो पू? कुणी सांगितलं तुला? कुणी?"

यमुनाबाईला कुणी सांगितलं होतं ते यमुनाबाईलाही आठवत नव्हतं.

शेवंतीनं रडत रडत थोडं दूध चोचीच्या बोंडल्यात पिळलं. पोरीच्या ओठाशी बोंडलं धरलं, तर दूध गालावरून ओघळलं. तिला गिळायचीच ताकद नव्हती. मथुरेनं अंगातली चोळी सैल केली, पोरीला उघडं करून आपल्या छातीशी धरलं, वरून घोंगडी घेतली, आणि गुरुजींना म्हणाली, "मोहल्ल्यात जा. इद्रीसभायला रिक्षा घेऊन बोलवा. पळत जा." गुरुजी खरंच पळाले. तपेलं हातात तसंच.

इद्रीस कुवेतहून परत आलेला, त्या पैशांत रिक्षा घेतलेली, तिला तो लेकीसारखी जपायचा. खड्डा दिसला की उतरून बघणारा माणूस. पण त्या दिवशी त्यानं भाट्याचा पूल कधी ओलांडला ते मागं बसलेल्या शेवंतीला कळलं नाही. मथुरा वाटभर पोरीच्या कानात ओरडत होती, "रड! रड गो भवाने! आयशीसारखी रड!"

शहरात पद्मजा नावाची बाळांची डॉक्टरीण होती. तिनं पोरीला बघितलं मात्र, दुसरं काही विचारलं नाही. टाचेला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला, पट्टीचा रंग पाहिला, आणि नर्सला काहीतरी इंग्रजीत तोडून बोलली. चिमुकल्या हाताला सुई लागली, साखरेचं पाणी थेंब थेंब जाऊ लागलं. मथुरा दाराशी उभी. तिला आत येऊ नका म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

बऱ्याच वेळानं आतून एक आवाज आला. कोवळा, चिरका, मांजरासारखा. पोर रडलं. मथुरा बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

डॉक्टरीण बाहेर आली ती तापलेलीच. "अहो, रक्तातली साखर पार तळाला गेली होती! आणखी थोडा वेळ गेला असता तर मेंदूवर गेलं असतं, नाहीतर पोर गेलं असतं. आधीच वेळेआधी आलेलं, अंगावर चरबी नाही. त्यात न्हाऊ घालून गार केलंत. ऊब धरायला तिनं होती नव्हती ती साखर जाळली, आणि वरून पोटात काही नाही! कोलोस्ट्रम दिलं होतं का?"

"दिलं की!" मथुराही कमी नव्हती. "जावयानं बाटली आणली. लाल. चार थेंब दिले."

"बाटली?" डॉक्टरीण बघतच राहिली. "अहो, कोलोस्ट्रम बाटलीत मिळत नाही. कोलोस्ट्रम म्हणजे चीक. आईचा चीक!"

मथुरेच्या तोंडून जो शब्द फुटला, तो दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या पेशंटनंही ऐकला.

"मग चीक म्हणायला जीभ झडली व्हती काय तुमची? चीक! ह्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक हाय चीक म्हणजे काय! सिस्टर सांगते कोलेस्टम, भिंतीवर लिवलंय कोलेस्टम. मी जन्मभर म्हशीचा चीक हाताळला, रेडकाच्या तोंडचा चीक कुणाला नेऊ दिला नाय. मला एकानं सांगितलं असतं, मथुरे, हा तोच, तर मी देवाला नसता दिला, भिंतीला कशाला दिला असता? दुकानं पालथी घातली माझ्या जावयानं! आणि ता माझ्या लेकीच्या अंगावर व्हतं!"

पण डॉक्टरीणही कोकणातलीच होती, इथला रिवाज ठाऊक असलेली, ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. "शब्द आमचा चुकला," ती म्हणाली, "कबूल. पण तुमची सुईण तर मराठीतच बोलत होती ना? नासकं म्हणणारी ती, भिंतीवर पिळणाऱ्या तुम्ही. ते कुठल्या इंग्रजाकडून शिकलात?"

मथुरेचा राग दुप्पट झाला, पण तो आता कुणावर काढायचा तेच तिला समजेना.

"मध दिला व्हता," ती पुटपुटली. "गूळपाणी. त्यात साखर नसते?"

"बोटभर मधानं काय होतंय? आणि त्याबरोबर काय काय गेलं पोटात!" डॉक्टरीण आता बाकावर तिच्याशेजारी बसली. "तुम्ही दही लावता ना? पहिलं विरजण जसं पडेल तसं दही. बाळाचं आतडं म्हणजे कोरं मडकं. आईच्या अंगावरचे, दुधातले चांगले जंतू त्यात आधी पडायला हवेत. चिकात त्या जंतूंचं खाणंसुद्धा असतं. तुम्ही आधी बोट घातलंत, विहिरीचं पाणी घातलंत. नको ते विरजण आधी बसलं, की पुढं पोट बिघडतं, हगवण लागते."

विरजणाचं मथुरेला लगेच पटलं. नासक्या विरजणाचं दही तिनं कितीदा उकिरड्यावर ओतलं होतं.

"आणि एक लक्षात ठेवा," डॉक्टरीण उठता उठता म्हणाली. "साखर उतरली की बाळ रडत नाही. रडायची ताकदच नसते त्याला. निपचित पडतं. आणि लोक म्हणतात, काय गुणी बाळ आहे!"

मथुरेनं मान वर केली. "काय म्हणतात?"

"गुणी."

डॉक्टरीण आत गेली, शेवंतीला चीक पिळायला शिकवलं, चमच्यानं पोरीला पाजलं. दोन दिवसांत पोरगी स्वतः ओढू लागली. केरू येऊन खाली मान घालून उभा राहिला, सासूनं त्याला बोल लावला नाही. शेवंती नवऱ्याला हळूच म्हणाली, "आईला काय झालंय कोण जाणे, चार दिवस झाले, कुणाशी भांडली नाय." शेवंतीला भीती वाटत होती.

घरी आले त्या दिवशी चांदीचं रेडकू अंगणभर उड्या मारत होतं. गुरुजींनी त्याची नीट काळजी घेतली होती, आणि चीक शिजवून खाल्लाही होता, पण रेडकाच्या मागून. मथुरेनं लेकीला आणि नातीला ओटीवर बसवलं. गोठ्यातून पहार आणली. सरळ बाळंतिणीच्या खोलीत गेली.

पहिला घाव पडला तेव्हा शेजारचे धावले. पहार घालता घालता मथुरा रडत होती, आणि रडतानाही तिचा आवाज ओटीपर्यंत येत होता. डाग पडलेले मातीचे पापुद्रे ढासळत होते. यमुनाबाई पूजेचं साहित्य सुपात घेऊन आली होती, राहिलेली पाचवी आज तरी पुजू म्हणून. ती दारातच उभी राहिली.

"मथुरे, अगो घर पाडतेस काय? सटवी कोपंल!"

"सटवीचं नाव घेऊ नको!" मथुरा वळली. केसांत माती, गालावर माती. "सटवीनं माझी पोरं नाय नेली. इतकी वर्षं तिला शिव्या देतंय मी, तिचा काय दोष गो? त्यांच्या तोंडचं ह्या भिंतीनं प्यालं. मी पाजलं. तू मला बसवलंस आणि मी पाजलं. दोन्ही वेळा."

यमुनाबाईच्या हातातलं सूप कलंडलं, हळदकुंकू उंबऱ्यावर सांडलं. तिलाही मुलं झाली होती, तिनंही तोंड भिंतीकडं करूनच पिळलं होतं. तिची किती गेली ते वाडीत कुणी मोजलं नव्हतं. म्हातारी भिंतीच्या भोकाकडं बघत मटकन खाली बसली. मथुरेनं पहार टाकली. तिला म्हातारीवर ओरडायचं होतं, फार ओरडायचं होतं, पण समोर बसलेल्या त्या बाईला आता काय ओरडणार?

भोकातून खोलीत उजेड येत होता. पुढं तिथं खिडकी बसली. उपकेंद्रातल्या कागदावरचा तो शब्द मथुरेनं सिस्टरकडून काळ्या रंगानं खोडून घेतला आणि त्यावर ठळक 'चीक' लिहून घेतलं. वाडीत कुणी बाळंत झालं की ती न बोलावता जाऊन दाराशी बसायची. कुणाच्या हातात मधाची वाटी दिसली की सगळी आळी जागी व्हायची.

पण ते पुढचं. त्या दिवशी ओटीवर नात भुकेनं उठली आणि तिनं टाहो फोडला. काय तो आवाज! खाडीवरचे बगळे उठावेत असा, अगदी आजीचा. यमुनाबाई जुन्या सवयीनं डोळे पुसत म्हणाली, "ओरडकी हाय गो तुझी नात. वायंच गप कर तिला."

"ओरडू दे," मथुरा म्हणाली. "गुणी माझी दोन व्हती."